तीन वाजता पियानो येईल

अहो,

तीन वाजता दुकानातली माणसं डिजिटल पियानो घेऊन येतील. त्यांना परत पाठवू नका. "असलं खेळणं घरात नको," म्हणाला होतात, माहीत आहे. पण या फ्लॅटमध्ये खऱ्या पियानोला परवानगी नाही, आणि आपला विकल्यापासून तुम्ही गप्पगप्प असता.

मी हामामात्सूतली तीन दुकानं पालथी घातली. याच्या पट्ट्या लाकडी आहेत, बोटाला खऱ्यासारखाच भार लागतो. हलकेच दाबली की सूरही हलकाच निघतो. पस्तीस वर्षं कारखान्यात पियानोंचे सूर जुळवलेत, आता याच्या चुका काढा.

मिसोचं सूप गॅसवर आहे.

आजारपणापासून उजवा हात उठत नाही, तर डाव्याने वाजवा. मी समोर असले तर तुम्ही हात लावणार नाही, म्हणून हारुएताईकडे जातेय. अंधार पडेपर्यंत येत नाही.

चिझुरू