राखणदाराला सांगितलेला माझा आजार

पेडणे
श्रावणातला एक ओला बुधवार

तीर्थरूप वत्सलामावशीस,

समीक्षाचा उभ्यानेच नमस्कार. (साष्टांग घातला असता, पण एकदा खाली गेले की वर आणायला दोन माणसं लागतात आणि आत्ता घरात आई एकटीच आहे.) तू बरी असशील असं सुरुवातीला लिहायची रीत आहे, पण आपण दोघी संधिवातवाल्यांनी एकमेकींना तसं लिहिणं म्हणजे थट्टाच. म्हणून नीट विचारते, तुझी बोटं सकाळी किती वाजता उठतात? माझी नऊच्या पुढे. मी उठते पहाटेच, पोदेराचा भोंगा ऐकते, पाव घेते आणि मग बोटांची वाट बघत बसते. दमट हवेत तुझे गुडघे फार त्रास देत नाहीत ना? आठवड्याची गोळी वेळेवर घेतेस ना? ती मात्र चुकवू नकोस.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुझा प्रज्योतदादा म्हणेल. कारण तोच आहे, असं त्याला सांग. तुझ्यासाठी फोन लावला की तो मोबाईल मोठ्या आवाजावर टाकून ओसरीत ठेवतो आणि मग माझ्या मनगटांवर कारापुरातली जाणारी-येणारी माणसं मत देतात. इकडे आई दाराआड उभी असते ते वेगळंच. शिवाय बोटं चालती ठेव, असं म्हापशाच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. पेनाला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलाय. पेन जाड झालं की बोटं कमी आवळावी लागतात. चमच्याला, दात घासायच्या ब्रशला, सुरीच्या मुठीला, सगळ्याला असं करता येतं, तूही करून बघ. (मी दिसेल त्याला गुंडाळत सुटले होते. घराला पंक्चरच्या दुकानाचा वास येतो, असं बाबांचं म्हणणं आहे.)

मला तू चवथीला, गणपतीला, इथे हवी आहेस. हे आत्ताच लिहून टाकते, कारण पुढे पत्र भलतीकडे जाणार आहे.

घरातली पहिली पदवीधर म्हणून माझ्या शब्दाला आमच्याकडे मान होता. 'होता' असं मुद्दाम लिहिते. झालं असं की दीर्घ आजारात घरातली कामं कशी सोपी करावीत यावर मी बरंच वाचलं. त्यात लिहिलं होतं, रोजच्या वस्तू कमरेच्या वर आणि खांद्याच्या खाली ठेवाव्यात, म्हणजे वाकावं लागत नाही आणि हात उंचवावे लागत नाहीत. मला ते इतकं पटलं, की आई शुक्रवारच्या बाजाराला म्हापशाला गेल्याचं बघून मी सगळं स्वयंपाकघर कमरेच्या वर आणलं. आई बांगडे घेऊन परतली तर तिला आमटीत घालायची तिरफळं सापडेनात. बाबा बिनतिरफळाची आमटी मान खाली घालून जेवले, सुतकात जेवतात तसे. दुसरी सुधारणा आदोळीची. नारळ खवायला जमिनीवर बसायचं म्हणजे गुडघ्यांचा छळ, म्हणून मी आदोळी टेबलावर चढवली. आदोळीवर बसल्याशिवाय ती हलायची थांबत नाही, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नाही. मग टेबलावर आदोळी, आदोळीवर आई आणि उघड्या खिडकीतून रस्त्यावरची माणसं बघताहेत. तेवढ्यात यशवंतकाका आले (बाबांचे धाकटे भाऊ, शेजारच्याच घरात राहतात) आणि म्हणाले, "वैनी, निवडणुकेक उभी रवलं काय गो?" त्या दिवसापासून आदोळी पुन्हा जमिनीवर आहे. पण चुलीजवळ ठेवलेला उंच स्टूल टिकला. त्यावर बसून मी भाजी चिरते. कळशी अर्धीच भरते. नाडीच्या जागी इलॅस्टिक घातलं. न्हाणीच्या नळाला ओला टॉवेल गुंडाळून मग नळ फिरवते. दिवसाची शक्ती जपून ओतते, दुपारी थोडी आडवी पडते आणि आळशी म्हणतील म्हणून घाबरत नाही. (थोडी घाबरते.)

आता मुख्य गोष्ट. तुला माहीत आहे, माझा आजार आईने लपवून ठेवला होता. डिचोलीचं एक स्थळ येणार होतं, म्हणून कुणी विचारलं की ती सांगायची, पोर जिन्यावरून पडली. आमच्या घराला जिना नाही. वाड्यावरचा सगळा शेजार रोज अंगणातून जातो, सगळ्यांना ठाऊक आहे, तरी सगळे हळहळून जिन्याला नावं ठेवायचे. मला हे खोटं फार लागायचं. शिकलेल्या माणसाने खरं बोलावं असं माझं मत, आणि आईचं मत असं की शिकलेल्या मुलीने आईचं ऐकावं. शेवटी आईने यशवंतकाकांना वाड्याची राखण करणाऱ्या देवाच्या, राखणदाराच्या झाडाखाली नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायला सांगितलं. आजाराचं नाव घ्यायचं नाही, नुसतं 'चेडवाची अडचण' म्हणायचं, अशी अट. पण गाऱ्हाण्याच्या बाबतीत काका फार काटेकोर. मागे कुणीतरी मोघम 'दूध वाढव' म्हणून नारळ ठेवला आणि दूध शेजाऱ्याच्या म्हशीचं वाढलं, हे ते शपथेवर सांगतात. ते गुपचूप माझ्याकडे आले आणि म्हणाले, "देवाक अर्ध्यामुर्ध्या सांगून चालना नाय, बाय. काय ता समजावून सांग." देवाचं मला नक्की माहीत नाही, पण कुणी खरी माहिती मागितली की मला राहवत नाही. मी समजावलं की अंगात एक राखण करणारी फौज असते, बाहेरून रोग आला की ती त्याला हाणते. माझ्या अंगात ती गोंधळली आहे आणि घरच्याच माणसांना, म्हणजे सांध्यांना, हाणते. काकांना पटकन कळावं म्हणून वर म्हटलं, समजा, राखणदारच घरावर उलटला. काकांचे डोळे चमकले. माझ्या शिक्षणाचं एवढं कौतुक त्यांना निकालाच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

गेल्या रविवारी सगळा वाडा झाडाखाली जमला. काकांनी आवाज लावला, "बा राखणदारा म्हाराजा! ह्या आमचा चेडू जिन्यावरसून पडूक नाय, म्हाराजा!" सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" आई पदर चाचपायला लागली. "सकाळची तेका वेणी घालूक जमना नाय, न्हाणीचो नळ सुटना नाय, गोळी घेतल्यार पोटात ढवळता, म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" आणि मग काकांनी छाती भरून घेतली. "तेचो राखणदारच तेच्यार उलटलो, म्हाराजा!" इथे कुणीतरी "व्हय" म्हणालं आणि पुढचा शब्द गिळला. राखणदाराच्या झाडाखाली उभं राहून राखणदाराच्याच तोंडावर हे! मी मागून ओरडत होते, काका, ती उपमा होती! उपमा कुणी ऐकून घेतली नाही.

जुन्या माणसांनी तिथेच ठरवलं की येत्या रविवारी नवा नारळ ठेवून माफी मागायची. स्थळही मग आलं नाही. पण एक सांगू? जिना गेला आणि घर मोकळं झालं. संध्याकाळी आई गरम पाण्याची पिशवी उघड्या ओसरीत घेऊन आली आणि सगळ्यांसमोर माझ्या हातांवर ठेवली. मग सल्ले सुरू झाले. एकीने बांगडा बंद करायला सांगितला, दुसरीने बांगडाच खा म्हणून सांगितलं, तिसरीने औषध सोडून कसलासा पाला घ्यायला सांगितला. (औषध सोडणार नाही, हे मी तिला नम्रपणे आणि बऱ्याच वेळा सांगितलं.) शेजारच्या सुलोचनाकाकू मेथीचे लाडू घेऊन आल्या, बराच वेळ बसल्या आणि उठताना हळूच म्हणाल्या, "त्या ट्यूबीचो तुकडो उरलो आसा काय गो?" मी त्यांच्या बोटांकडे बघितलं. आपल्यासारखीच. कुणाला कधी बोलल्या नव्हत्या.

एवढं सगळं झालं, माणसं आली, गेली, आणि तरी, मावशी, मला करमत नाही. तू यायचीस तेव्हा मागच्या दारात बसून मिठाच्या गरम पाण्यात पाय सोडायचीस. मी लहान होते, मला तो केवढा थाट वाटायचा. मीही त्याच घमेल्यात पाय घालायचे आणि तू पाणी निवेपर्यंत गोष्टी सांगायचीस. आता माझं स्वतःचं घमेलं आहे. पाणी फार लवकर निवतं. घरातली सगळी माझं करतात, पण खुर्चीतून उठताना 'आई गं' म्हणणारी मी एकटीच. बरं, प्रत्येक वेळी आई चुलीपासून धावत येते. तू असलीस तर दोघी एकदम उठू, एकदम कण्हू, कुणी 'काय झालं' विचारणार नाही. मला कुणालाही काहीही समजावून सांगावं लागणार नाही. मला तेवढाच आराम हवा आहे.

घरच्या सगळ्यांना नमस्कार. प्रज्योतदादाला फोनचा आवाज हळू ठेवायला सांग.

तुझी,
समीक्षा

ता. क. बसची पायरी उंच, ही तुझी अडचण मी सोडवली आहे. बरोबर एक छोटा पाट घे, त्याला दोरी बांध. पाटावर चढ, मग पायरीवर, मग दोरीने पाट वर ओढून घे. पेडण्याच्या स्टँडवर मी स्वतः करून बघितलं. कंडक्टर ओरडला, "मावशे, खंय पूजेक चल्लं?" मला, मावशे! पण चढले. तू म्हापशापर्यंत ये, तिथून तुला घेऊन यायला मी स्टँडवर उभी राहीन. (बसेन.)

ता. क. दुसरा. हे सांगणार नव्हते. रविवारच्या गाऱ्हाण्यात माफीबरोबर एक मागणंही घालायचं आहे. मी काकांना दोन सांगितली. काका म्हणाले, एका नारळावर एकच. मग दोन नारळ ठेवा म्हटलं, तर चिडले, "देव म्हणजे काय दुकान?" शेवटी विचारलं, "मग काय मागू? बरा कर म्हणू, काय मावशेक घेवन ये म्हणू?" मी थोडा विचार केला. फार नाही. तुझं नाव सांगितलं, आणि कारापूर हेही सांगितलं, नाहीतर दुसऱ्याच कुणाची मावशी यायची. तेव्हा माझं बरं होणं आता पुढच्या नारळावर गेलं आहे. आई हे ऐकत होती. आत गेली, तुझी गोधडी धुतली आणि ओसरीतल्या दोरीवर टाकली. या हवेत वाळायला वेळ लागेल, पण चवथीपर्यंत वाळेल म्हणते.