ओल्या फडक्याचा इलाज

५ जानेवारी, रविवार
रोह्याजवळच्या वरश्याहून फोन. समीक्षाच्या घरच्यांनी सव्वीस तारखेला बघायला बोलावलंय. फोटो पाहिल्यापासून दुसरं काही सुचत नाही. हीच मुलगी हवी. अडचण एकच. बायोडाटात उंची पाच-आठ लिहिलीय आणि मी पाच-पाच आहे. तीन इंच, तीन आठवडे. होऊन जाईल.

६ जानेवारी
पेणला हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. हट्टाने गुडघ्याचा एक्स-रे काढून घेतला. म्हणाले, लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची पट्टी असते. तिथे नव्या पेशी थरावर थर रचतात, मागच्या थरांचं हाड होत जातं, म्हणून आपण वाढतो. वयात आल्यावर त्या पट्टीचंच हाड होतं, वाढ संपते. सत्ताविसाव्या वर्षी आता काही होणार नाही.

म्हणजे पट्टी सुकली. जोह्यात गणपतीच्या कारखान्यात वाढलेल्या माणसाला हे सांगतात! सुकत आलेल्या शाडूवर रात्री ओलं फडकं टाकलं की सकाळी माती हवी तशी वळते. डॉक्टर शिकलेले आहेत, पण मातीत कधी हात घातलेला नाही.

७ जानेवारी, पहाटे
रात्रभर दोन्ही गुडघ्यांना ओलं फडकं. उठल्या उठल्या मोजलं. पाच फूट साडेपाच इंच!

संध्याकाळी
पुन्हा पाच-पाच. टेप खराब आहे.

११ जानेवारी
सर्दी. आई म्हणाली, गुडघ्यांना आंघोळ घालतोस ती डोक्याला घाल, जरा अक्कल येल. दुर्लक्ष केलं. शेजारच्या गिरजाबाईंचं करडू आठवड्यात दोन बोटं वाढलं. त्याच्या पट्ट्या अजून ओल्या. बकरीच्या पिल्लाचा हेवा वाटतोय, हे काही बरं नाही. उद्यापासून पहाटे आंब्याला लटकणार.

१२ जानेवारी
थंडी फार. उद्यापासून.

१९ जानेवारी
ताप. आईने फडकं लादी पुसायला नेलं. हरकत नाही, आतून वाढ सुरू झाली असणार. तोपर्यंत सोय म्हणून जाड सोलचे बूट घेतले.

२६ जानेवारी, रात्री
बूट दाराबाहेर काढावे लागतात, हे लक्षातच आलं नव्हतं.

आत दाराच्या चौकटीवर तिच्या भाच्याच्या, साईराजच्या उंचीच्या पेन्सिलरेघा. समीक्षा म्हणाली, जितेश, तुम्ही पण उभे राहा ना. राहिलो. टाचा हळूच उचलल्या, तर तिची आजी म्हणाली, पाय टेक रे बाला. साईराज नववीत आहे. त्याची रेघ माझ्यावर दोन बोटं.

निघताना समीक्षा फाटकापर्यंत आली. म्हणाली, उंचीचं काय नाय हो, बुटका चालला असता. खोटं कशाला लिहिलंत? मी पट्टी सुकल्याचं सांगितलं. ती खूप हसली. हसताना फोटोपेक्षा छान दिसते. फार वाईट वाटलं.

२८ जानेवारी
वरश्याहून नकार. कारण, खोटेपणा. त्यांचं बरोबर आहे. मनापासून पटलं. यापुढे एक अक्षरही खोटं लिहायचं नाही. आजच नवा बायोडाटा केला.

उंची पाच-सात.