जेवणाआधीची प्रार्थना

पप्पा,
तुम्हाला प्रभूमध्ये सलाम. हे पत्र मी पाठवणार नाही, कारण वाचून तुम्ही आधी हसाल आणि मग दिवसभर माझी काळजी करत बसाल.

कंपनीने मला परदेशात नवी यंत्रं बसवायला पाठवलं, तेव्हापासून मी कँटीनमध्ये एकटीच जेवते. पहिल्याच आठवड्यात मी ताटासमोर डोळे मिटून प्रार्थना करत होते, तर इथला म्हातारा फिटर घाबरून धावत आला. "काय गं पोरी, डोकं दुखतंय का?" सगळे बघत होते. मी पटकन "हो" म्हणून गेले. चर्चच्या पाळकाची मुलगी मी, आणि प्रार्थनेला डोकेदुखी म्हणाले!

मग तो रोज एक गोळी आणून ताटाशेजारी ठेवायचा. "आमच्या हिचंही असंच दुखायचं. चष्मा बदलून घे," असं काहीबाही बोलत थोडा वेळ बसायचा. कामाखेरीज माझ्याशी बोलणारा तो एकटाच.

काल मात्र मला राहवलं नाही. पेत्राने तरी येशूला तीनदाच नाकारलं होतं, माझं रोजचंच झालं होतं. मी त्याला खरं सांगून टाकलं. तो खो खो हसला. "म्हणजे तू ठणठणीत आहेस! जीव भांड्यात पडला बघ." गोळी खिशात टाकून तो आपल्या मित्रांच्या टेबलाकडे गेला.

आज कुणी आलं नाही. मी अगदी मनापासून प्रार्थना केली. पण पप्पा, आमेन म्हटल्यावरही डोळे उघडले नाहीत. तशीच बसून राहिले, कुणी विचारतंय का म्हणून.

तुमची थोरली