कोटाचं माप

२ मार्च, दुपार
डॉक्टरबाईंनी लिहायला सांगितलं म्हणून ही वही आणून पंधरवडा झाला. लिहायचं राहून गेलं. आधी पेन नव्हतं. पेन मिळालं तोवर वहीवर चहाचा कप ठेवायची सवय लागली होती. मग पाठ दुखत होती. पाठ दुखते म्हणूनच वही लिहायची आहे, हे मान्य. पण दुखत असताना माणूस लिहिणार कसा? डॉक्टरबाईंना विचारलं असतं, पण त्यांना काही विचारलं की त्या उलट आपल्यालाच विचारतात.

दुखणं खांद्याच्या दोन पात्यांच्या मधोमध. अंगठ्याएवढं. एक्स-रे स्वच्छ. हाडांचे डॉक्टर म्हणाले, तुझी पाठ पुस्तकात छापण्यासारखी आहे, आणि मला या बाईंकडे पाठवलं. या मनाच्या डॉक्टर. म्हणे मनात दाबलेलं सगळं पाठीत जाऊन बसतं. मी म्हटलं, मला टेन्शन नाही. त्यांनी ते लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

संकल्प: महिन्याभरात ठणठणीत. शिवाय पहाटे पोहणं.

५ मार्च
पोहणं उद्यापासून.

दिवसभर शोरूममध्ये गाद्या विकतो. या गादीवर झोपा, पाठ आहे हेच विसराल, असं सांगतो. सांगताना भिंतीला टेकलेला असतो. मॅनेजर म्हणाले, भिंत पडेल म्हणून धरून ठेवलीयेस का. त्यांना काय सांगणार. मागे भिंत नसली की कोणीतरी उभं आहे असं वाटतं. मान वळवली की नसतं. व्हिटॅमिन कमी असणार.

बहिणीचा फोन. उचलला नाही, गिऱ्हाईक होतं. गिऱ्हाईक गेल्यावर उचलला नाही, कारण वाजत नव्हता. पाठची बहीण, म्हणून पाठीलाच लागलीये. मग मेसेज: दादा, बाबांचे हात फार थरथरतात आता. शिवणाचं दुकान बंद करणार म्हणतायत. शेवटचा कोट तुझाच शिवायचाय त्यांना. हात चालतायत तोवर येऊन माप दे.

जाणारच आहे. पाठ बरी झाली की.

९ मार्च
डॉक्टरबाईंनी विचारलं, घरी कोण कोण असतं. म्हटलं, बहीण. आणि वडील? म्हटलं, गेले.

नोंद राहावी म्हणून लिहितो, हे खोटं नाही. मी घर सोडलं त्या सकाळी बाबा दुकानात गेले होते. ते गेल्यावरच मी निघालो, ही गोष्ट वेगळी. पुढचं वाक्य मी बोलणारच होतो, पण बाईंनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला. मला सर्दी होती, दोन घेतले. त्यानंतर दुरुस्ती करणं बरं दिसेना.

आता गृहपाठ दिलाय. समोर रिकामी खुर्ची ठेवायची आणि वडिलांशी राहून गेलेलं बोलायचं.

११ मार्च
खोलीत खुर्ची एकच. रिकाम्या खुर्चीशी बोलणं वेडपट वाटतं, म्हणून तिच्या पाठीवर कोट अडकवला. बाबांनी शिवलेला, मी शाळा सोडली तेव्हाचा. निदान कोटात तरी माणसासारखा दिसशील, म्हणाले होते. माप घेताना गिऱ्हाइकांना म्हणायचे, साहेब जरा सरळ उभं राहता का. मला पाठीत अंगठा रोवून एकच शब्द: "ताठ."

हे कोटाला सांगितलं. बराच वेळ बोललो. नंतर बसूनही सांगितलं, मग आडवं पडून. झोपेपर्यंत पाठ दुखली नाही.

म्हणजे सकाळची गोळी लागू पडली.

१६ मार्च
रोज बोलतो. रात्री कोट खांद्यातून कललेला असतो, सकाळी ताठ. चांगलं कापड आहे, आपोआप सावरतं.

घरमालकीणकाकूंनी दाराबाहेरून ऐकलं. विचारलं, आत कोण आलंय? म्हटलं, वडील. त्या म्हणाल्या, दिसले नाहीत कधी. म्हटलं, ते आता नाहीत. तेव्हापासून दारात दोन कप चहा ठेवतात आणि पळतात. दोन्ही मीच पितो. वाया कशाला घालवायचा.

आज शर्टाच्या पाठीवर खडूची रेघ. शिंप्याची असते तशी, नेमकी दुखतं तिथे. शोरूमच्या भिंतीचा चुना असणार. शोरूमची भिंत निळी आहे. पण चुना काय, कुठूनही लागतो.

२० मार्च
बहिणीचा मेसेज: येत नसशील तर निदान मापं पाठव. काल त्यांना सुईत दोरा ओवता आला नाही.

शोरूममधून टेप आणली. छाती जमली, बाही जमली. पाठ जमेना. स्वतःची पाठ स्वतःला मोजता येत नाही. काकूंना बोलावलं, तर जिन्यातूनच म्हणाल्या, तुमच्या वडिलांना सांगा की. शेवटी कोट उलटा टाकून सगळा मोजला आणि आकडे पाठवले. कोट मोजला काय नि माणूस मोजला काय, काम झाल्याशी कारण.

संध्याकाळी पाठ भयंकर. वाकून मोजलं ना.

बंदरावरच्या गावात जहाजांवर माणसं घेतात म्हणे. समुद्राची हवा पाठीला चांगली.

२४ मार्च
डॉक्टरबाई खूश. म्हणाल्या, इतकं प्रामाणिक दुःख त्यांनी फार कमी पाहिलंय. दुखणं निम्म्यावर आलंय, हे मीही कबूल केलं. आता वडिलांचा निरोप घ्यायचा म्हणे. खरं सांगणारच होतो, पण बाईंचा चांगला दिवस कशाला बिघडवा. पुढच्या खेपेला नक्की.

घरी येऊन कोटाला पहिल्यांदाच प्रश्न विचारला. हात खरंच थरथरतात का? बाही हलली. पंख्यामुळे. पंखा मी त्यानंतर लावला.

२७ मार्च, सकाळ
कार्यक्रम ठरला. आज निरोप, उद्या बाईंना खरं, परवा जहाज. कोट इथेच ठेवायचा. माणसानं ओझं कमी करावं.

कोटासमोर उभा राहिलो. म्हटलं, बाबा, मी निघतो. एवढं म्हणून कोटाची कॉलर झटकत राहिलो. धूळ.

तेवढ्यात काकू धावत वर. पांढऱ्याफटक. म्हणाल्या, खाली एक म्हातारे गृहस्थ आलेत, चेहरा हुबेहूब तुमचा, गळ्यात टेप. मी दार लावून घेतलंय. काय म्हणतायत विचारलं, तर काकूंनी सांगितलं: "म्हणतात, ही मापं पोराची नाहीत, जुन्या कोटाची आहेत. मला पाठ आहेत."

काकू विचारतायत, दार उघडू का. मी हे लिहीत बसलोय, जिन्याकडे पाठ करून. पाठ आपोआप ताठ झालीये. खोलीत खुर्ची एकच, आणि तिच्यावर कोटातले ते आधीच बसलेत.

खाली बाबा आलेत.