उठावाच्या रेघांचं चेकबुक

१९ मार्च, मंगळवार

प्रिय दादू,

सकाळी बँकेत जाऊन आले. शेजारणीने दारापर्यंत सोडलं. दुपारी जेवून थोडी पडले, आता खिडकीशी बसून लिहिते आहे. ओळी वरखाली झाल्या तर सांभाळून घे.

तुझे बाबा गेल्यावर तू म्हणाला होतास, बँकेचं सगळं तुझ्याकडे सोपवावं. मी नाही म्हटलं. घरभाडं, वीज, औषधं माझ्या सहीने जातात तोवर हे घर माझ्या हातात आहे, असं मला वाटत होतं. आजही वाटतं.

माझे चेक बाबांनीच निवडले, हे तुला ठाऊक नसेल. काउंटरवरच्या मुलीने दोन नमुने पुढे ठेवले. एकावर मोठी ठळक अक्षरं, दुसऱ्यावर बोटाला लागणाऱ्या उठावाच्या रेघा. मला मोठी अक्षरं चांगली दिसत होती. बाबांनी डोळ्यांना रुमाल बांधला आणि रेघांवर सही करून पाहिली. ती घसरून थेट टेबलावर गेली. मुलगी हसत सुटली. नंतर मी पाणी प्यायला वळले, तेव्हा ते तिला हळूच म्हणाले, "मोठी अक्षरं तिला थोडेच दिवस पुरतील. रेघांचंच द्या." डॉक्टरांनी त्यांना माझ्या डोळ्यांबद्दल काय सांगितलं होतं, ते मला असं कळलं. घरी येताना आम्ही भाजीच्या भावाबद्दल बोललो.

मग रोज जेवणानंतर सराव. डावं बोट रेघेवर, पेन त्याला टेकवून. माझी सही पहिल्यापासून तिरकी, वर चढणारी. चढली की ते म्हणत, "बाईसाहेब, जिना उतरा." हळूहळू ती सरळ झाली, आखूडही. त्यांना कोण कौतुक. बँकेकडे नमुना मात्र जुन्याच सहीचा राहिला. तो बदलायला हवा, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

गेल्या आठवड्यात घरभाड्याचा चेक परत आला. इतके दिवस चालली, आता सही जुळत नाही म्हणे. म्हणून आज नवा नमुना द्यायला गेले. तो कागद सपाट. बोटाला काही लागेना. साहेबांनी पट्टी धरली, तीही सरकली. पुन्हा पुन्हा सह्या केल्या, एकीसारखी दुसरी नाही. माणूस भला आहे. अंगठाही चालेल म्हणाला. मी शाळा शिकलेली बाई, दादू. नको म्हटलं. मग त्याने विचारलं, घरचं कोणी आहे का. मी तुझं नाव सांगितलं.

हे फोनवर बोलता आलं नसतं, म्हणून पत्र. सवड काढून ये. व्यवहार तुझ्याकडे घे, मग या घराचं काय करायचं तेही तूच ठरव. अधिकारपत्रावर माझा अंगठाच लागणार आहे. तेव्हा तू शेजारी उभा राहा. सूनबाईला एवढं सांगू नकोस.

अंधारून आलंय. दोरीवरचे कपडे आत आणते.

तुझीच,
आई