मधूच्या पासावर

३ मार्च २०१५

व्हिन्सेंट गेला! म्हणजे मधूच्या कंपनीतला हा सेल्समन राजीनामा देऊन गेला. मधूने ऑफिसातून फोन केला, एवढंच सांगितलं आणि ठेवून दिला. पर्थ शहरात त्याच्या मेव्हण्याचं रेस्टॉरंट आहे म्हणे, तिथे चाललाय. जाऊ दे बापडा. पण वेळ काय निवडली! मधूचा पास मे अखेरीस संपतोय.

इथे परदेशातून येऊन स्वतःची कंपनी काढणाऱ्याला राहण्या-कामाचा जो पास मिळतो, तो वाढवून घ्यायचा तर पगारावर स्थानिक माणसं दाखवावी लागतात, तीही ठरलेल्या संख्येने. आमच्याकडे बरोब्बर तेवढीच होती. आता एक कमी. मधूचा पास गेला की माझा आणि गार्गीचाही गेला. आम्ही दोघं, नवरा आणि मुलगी, तिच्या पासावरची माणसं. माझ्या कार्डावर तसं छापलेलंच आहे — डिपेंडंट. पुण्यात कॉलेजात केमिस्ट्री शिकवत होतो. इथे कामाची परवानगी नाही, म्हणून आमटी करतो.

आमटी बरी होते, पण.

४ मार्च

मधू उभ्या उभ्याच जेवली. 

९ मार्च

जाहिरात दिली. चौघं येऊन गेले. एकाला कंपनी कळेना — ‘पाण्यातला ऑक्सिजन मोजता, म्हणजे ॲक्वेरियमचं दुकान?’ एकीने पगार ऐकून पर्स उचलली. उरलेल्या दोघांना समुद्रातल्या मत्स्यशेतीवर बोटीने जावं लागेल म्हटल्यावर घरचे आठवले.

संध्याकाळी प्रताप आला. बँकेतला, बुकित तिमाहला राहणारा, इथलं नागरिकत्व घेऊन बसलेला आमचा एकुलता एक श्रीमंत मित्र. सोफ्यावर रेलून म्हणाला, ‘एवढं काय मनाला लावून घेता? माझ्या ओळखीत एक रिटायर्ड गृहस्थ आहे. नाव लावा, पगार दाखवा, सीपीएफचा फंड भरा. त्याने यायचीही गरज नाही.’

मधू म्हणाली, ‘नको.’

प्रताप गेल्यावर मी म्हटलं, घे ना! दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे. तशी ती वळली. ‘आणि उद्या कायमचं राहण्यासाठी पीआरचा अर्ज करताना? तिथेही हेच खोटं लिहायचं? आणि गार्गीने विचारलं की हे अंकल कोण, तर?’ मग म्हणाली, ‘शिरीष, परत जाऊ आपण. पण असं नाही राहायचं.’

माझाही आवाज चढला. म्हटलं, परत कुठे? माझी कॉलेजातली जागा कोणी राखून ठेवली नाहीये!

नंतर दोघंही भांडी घासत राहिलो. घासून झालेलीसुद्धा.

१५ मार्च

गार्गीला सगळं माहीत आहे! आम्ही आपले दार लावून बोलतो. आज डबा भरताना म्हणाली, ‘बाबा, पास रिन्यू नाही झाला तर हाऊ? पुढच्या वर्षी माझी पीएसएलईची परीक्षा आहे लाह.’ इथली मुलं बोलतात तसं, शेवटी ‘लाह’ लावून.

म्हटलं, पुण्यातही शाळा आहेत.

‘आय नो. पण माझे फ्रेंड्स नाहीत तिथे.’ आणि मग एकदम हळू आवाजात, ‘आईला नको सांगू मी विचारलं म्हणून. शी ऑलरेडी सो टायर्ड.’

अकरा वर्षांची आहे.

२२ मार्च

काय दिवस होता! सगळं लिहून ठेवतो.

पहाटे मधूचा फोन कर्कश वाजला. अलार्म. चांगीच्या पलीकडे खाडीत मॅडम सोह म्हणून एक बाई आहेत, इथल्याच, साठीच्या आसपासच्या. त्यांची तरंगती मत्स्यशेती आहे. मधूने आपलं यंत्र त्यांच्या जाळ्यांमध्ये फुकटात बसवलं होतं, वापरून बघा म्हणून. व्हिन्सेंट त्यांना सहा महिने स्लाइड्स दाखवत होता, पण त्यांनी एकही यंत्र विकत घेतलं नव्हतं.

पाण्यात बारीक शेवाळ माजलंय ही बातमी होतीच. ते माजलं की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. फोनच्या स्क्रीनवर ऑक्सिजनचा आकडा घसरत होता. मधूने बाईंना फोन लावला. दोनदा उचलला नाही. तिसऱ्यांदा मधू ओरडलीच, ‘मॅडम, नाऊ! एअर पंप चालू करा, नाऊ!’

आम्ही टॅक्सीने जेट्टीवर, तिथून बोटीने. मी सोबत म्हणून गेलो होतो, कामाची परवानगी नाही म्हणून यंत्राला हात लावायचा नाही. पोचलो तोवर चांगलं उजाडलं होतं. शेजारच्या शेतीवर पांढरी पोटं वर करून मासे तरंगत होते. नजर जाईल तिथपर्यंत. एक म्हातारा जाळीच्या कडेला पाण्यात पाय सोडून नुसता बसला होता. वास अजून नाकातून जात नाही.

मॅडम सोहचे मासे मात्र जिवंत! पंप धडधडत होते, त्यांचा मुलगा चिंब भिजून जाळी ओढत होता आणि बाई एका निळ्या पिंपावर बसून कोपी, म्हणजे इथली दाट कॉफी, पीत होत्या.  मधूला बघून कप ठेवून उठल्या, दोन्ही हातांनी तिचे खांदे धरले आणि गदागदा हलवले. 

मग विचारलं, ‘युअर सेल्समन व्हेअर?’

मधूने सांगितलं. सोडून गेला.

‘गुड,’ बाई म्हणाल्या. ‘तो इंग्लिश फार बोलायचा. इथल्या मासेवाल्यांना इंग्लिशमधून काही विकलेलं आवडत नाही.’ आणि कप पुन्हा उचलून, ‘मासे माझा मुलगा बघेल. मी बोलते तुझ्यासाठी. मला पगार दे.’

मधूला वाटलं, बाई थट्टा करतायत. मलाही.

२४ मार्च

थट्टा नव्हती. सकाळी तांजोंग पगारच्या ऑफिसात, त्या अरुंद जिन्याने वर, मॅडम सोह इस्त्रीचा शर्ट घालून हजर! मधूने त्यांना स्पष्ट सांगितलं — पासासाठी मला माणूस हवंय हे खरं, पण नुसतं नावापुरतं नको. बाई चिडल्या म्हणे. ‘नावापुरतं? मी आयुष्यात नावापुरतं काही केलं नाही!’

मधू हे सांगताना हसली. किती दिवसांनी.

१८ एप्रिल

बाईंनी सात ठिकाणी मत्स्यशेतीवर यंत्रं बसवली. त्या पाण्यात पाय सोडून बसलेल्या म्हाताऱ्याकडेही. त्याच्याशी होक्कियनमध्ये, इथल्या चिनी बोलीत, तासभर भांडल्या, मग त्याच्यासोबत जेवल्या, मग त्याने यंत्र घेतलं. नवीन मासे सोडणार आहे. म्हणाला होता संपलं सगळं, आता पुन्हा सुरू करतोय.

मुदतवाढीचा अर्ज गेला. सगळं खरं लिहिलंय.

१४ मे

अजून उत्तर नाही. आज लिटिल इंडियात कढीपत्ता घेताना मनात आलं, तांदळाची मोठी पिशवी घ्यावी की छोटी? दहा मिनिटं तिथेच उभा. छोटी घेतली.

२१ मे

मिळाला!!! पास वाढला!

मधूचा फोन आला तेव्हा मी एमआरटीत, इथल्या मेट्रोत, होतो. ‘झालं,’ म्हणाली. मी इतक्या जोरात ‘काय?’ ओरडलो की समोरचे आजोबा दचकले. पुढच्याच स्टेशनवर उतरलो. चुकीचं होतं. प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसून राहिलो, दोन-तीन गाड्या सोडल्या.  इतके दिवस आपण अंग आवळून चालतोय हे कळलंच नव्हतं.

गार्गीने ऐकलं, ‘ओके, गुड,’ म्हणाली आणि बाथरूममध्ये गेली. खूप वेळ नळ चालू होता. बाहेर आली ती डोळे लाल. 

२७ ऑगस्ट

लॅव्हेंडर भागातल्या इमिग्रेशनच्या ऑफिसात जाऊन पीआरचा अर्ज दिला. तिघांचा. काउंटरवरच्या बाईने माझ्याकडे बघून विचारलं, ‘ऑक्युपेशन?’ मी काही बोलायच्या आत मधू म्हणाली, ‘केमिस्ट्री लेक्चरर.’ बाई म्हणाली, ‘करंट?’

मी म्हटलं, हाउस हजबंड. तिने मान न उचलता लिहून घेतलं.

घरी येताना मधूने एमआरटीत माझा हात धरला. असं ती बाहेर कधी करत नाही.

५ डिसेंबर

काही कळलेलं नाही. प्रताप म्हणतो, एक वर्षही लागतं. मॅडम सोह म्हणतात, ‘वेट ओनली लाह.’ मला हल्ली बाईंचंच पटतं.

११ एप्रिल २०१६

मंजूर. तिघांचंही.

पत्र मीच उघडलं. घरात एकटाच होतो. दोनदा वाचलं, घडी घालून परत पाकिटात ठेवलं, पुन्हा काढून वाचलं. मग पंख्याखाली फरशीवर पालथा पडलो. बरं वाटलं. किती बरं वाटलं ते लिहिता येत नाही.

९ मे

वैद्यकीय तपासणी, सह्या, बोटांचे ठसे — सगळं उरकलं. पीआरची निळी कार्डं हातात. माझ्या कार्डावर डिपेंडंट हा शब्द कुठेच नाही. उलटून पाहिलं. मागेही नाही!

मॅडम सोहनी घरी मासा पाठवला, एवढा मोठा की कढईत मावेना. दोन तुकडे करून तळला. गार्गीने हाताने खाल्ला. प्रताप पेढे घेऊन आला. जाता जाता मधूला म्हणाला, ‘तुझं बरोबर होतं तेव्हा.’ ती फक्त ‘ये पुन्हा’ म्हणाली.

१५ मे

आज नाश्त्याला मधू म्हणाली, ‘मी विद्यापीठाच्या लॅबमध्ये नोकरी घेतलीय. पुढच्या महिन्यापासून.’ मी चमचा खाली ठेवला. ‘मला यंत्रं बनवायचीत, शिरीष. पगारपत्रकं आणि माणसं मोजून थकले मी. पास होता तोवर सोडता येत नव्हतं.’

‘आणि कंपनी? ती कोण चालवणार?’

‘तू. आता तुला परवानगी आहे.’ पोह्यांवर लिंबू पिळत म्हणाली, ‘मॅडम सोहला विचारलंय मी, तुला जमेल का. त्या म्हणाल्या, कॅन.’