मनांग पेर्लाचा हिरवा ठिपका

३ मार्च, इलोइलो

झालं! परवानगी मिळाली. घरून काम करणाऱ्या आठजणांच्या गटाचा दोन आठवडे अभ्यास, घरून काम चालू ठेवायचं की नाही ते ठरवायला. कोण किती वेळ कामावर, किती विमा-अर्ज उरकले, सगळी नोंद संगणक देणार. सार्मिएंतोसाहेब म्हणाले, "लिगाया, एकेकाचे आकडे दे. कामचुकार सापडला की नोकरीवरून काढतो." सापडेल. माझ्या नजरेतून काही सुटत नाही.

९ मार्च

मनांग पेर्ला ही गटातली थोरली, सगळ्यांची ताई. बावन्न वर्षांची. पडद्यावर तिच्या नावापुढचा, ती कामावर असल्याचा हिरवा ठिपका दिवसभर विझतच नाही! निम्म्या वयाची पोरं तिच्या मागे. नावाखाली लिहिलंय, "दुपारी तीनला हाक मारू नका, प्रार्थनेत आहे." अहवालाची सुरुवात हिच्यापासूनच.

११ मार्च

तिचा कॅमेरा मात्र कायम बंद. गटाच्या ऑनलाइन बैठकीत गटप्रमुख जोव्हितोला विचारलं. "मनांग लाजते हो! केस रंगवायचे राहिलेत." सगळे हसले. जरा जास्तच.

१६ मार्च

तीन वाजले. आईनं गॅस बंद केला, रेडिओवर प्रार्थना लावली. "हात थांबव गं!" रोजचंच. थांबवले — आणि समोर पडद्यावर मनांग पेर्ला अर्ज उरकत होती! मागच्या नोंदी काढल्या. रोज तीनला तेच. ही ती नव्हेच!

१७ मार्च

जोव्हितोला जेवायला गाठलं. समोरचं बाचॉयचं सूप निवत गेलं, त्यानं चमचा उचलला नाही.

"जानेवारीपासून इस्पितळात आहे, मॅडम. नोकरी गेली की कंपनीचं उपचारांचं कार्ड गेलं. आम्ही सातजणांनी तिचे तास वाटून घेतलेत. तीनचा आमच्यातल्या बेनितोला दिला, तो कुठली प्रार्थना करतोय! अजून दोन महिने उपचार आहेत. आता तुम्ही काय ते ठरवा."

असा राग आला! मला मूर्ख बनवलं. घरी येईपर्यंत राग माझ्यावरच उलटला. सातजण आठजणांचं काम ओढतायत, आणि मी एकेकाला मोजत बसले होते.

२० मार्च

अहवाल दिला. फक्त गटाचे आकडे, एकेकाचे नाहीत. साहेबांच्या कपाळावर आठ्या. ठणकावून सांगितलं, "काम गट करतो, साहेब. मोजायचा तर गटच मोजा." पानं उलटून पाहिली त्यांनी. "बरं. करू देत घरूनच काम."

२३ मार्च

तीनची प्रार्थना झाली की चारपर्यंत मनांग पेर्ला म्हणजे मी. आज अकरा अर्ज उरकले.